मला असे वाटते की

मास्तरकीत किस्से साठवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. कोटाच्या खिशात खडूचे तुकडे जमतात ना, तसे! आपल्याला वाटतं खिसा रिकामा आहे, आणि बायको कोट धुवायला काढते तेव्हा ओंजळभर निघतात. परवा बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. चांगला बाप्या माणूस झालाय. मला बघून लांबूनच ओरडला, "मला असे वाटते की!" भर बाजारात! लोक वळून बघायला लागले. आता तो असं का ओरडला, ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. चहा सांगितलाय, तोवर ऐका.

माझं नाव वेडू. आमच्या खान्देशात ठेवतात असं, हसू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहाद्याजवळच्या एका शाळेत आम्ही तिघे होतो. हेडमास्तर, मी आणि निंबा गुरुजी. हेडमास्तर शिक्क्याचा माणूस, मी छडीचा. निंबा गुरुजी कशाचे, ते आम्हाला बरीच वर्षं कळलंच नव्हतं. मग एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक बाड काढून टेबलावर ठेवलं. जुन्या हजेरीपटांच्या पाठकोऱ्या पानांवर अकरा वर्षं बसून मुलांसाठी पुस्तक लिहिलं होतं या गृहस्थानं! पुस्तकाचं नाव "तू सांग".

*

हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि पहिला धडा वाचला. कोंबडीवर होता. शेवटी एक प्रश्न : कोंबडी पाणी पिताना मान वर का करते? तू सांग.

त्यांनी लगेच शेवटचं पान उलटलं. मग मधलं. मग पिशवी उलटी करून झटकली.

"निंबाजी, उत्तरं घरी राहिली वाटतं?"

"उत्तरं नाहीत साहेब."

"लिहायची राहिलीत?"

"लिहायचीच नाहीत. ती मुलांनी शोधायची."

"मुलांनी शोधायची? मग आपण काय करायचं?"

"आपणही शोधायची," गुरुजी म्हणाले.

हेडमास्तर इतके तापले की घंटेआधीच घरी गेले. तो शनिवार होता. रविवारी दुपारी त्यांच्या सौभाग्यवती आमच्या घरी आल्या, पदराला डोळे पुसत. "अहो वेडूमास्तर, जरा चला हो! हे सकाळपासून शेजाऱ्यांच्या कोंबड्यांपुढं उकिडवे बसलेत. पाण्याची वाटी घेऊन!"

सोमवारी शाळेत आल्या आल्या ते गुरुजींना कोपऱ्यात घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "तिला घोट ओढताच येत नाही हो. मान वर करून ओतून घेते बिचारी!" आणि मग एकदम करड्या आवाजात, "पण पुस्तक चालणार नाही. डिप्टीसाहेबांची मंजुरी आणा, मग बघू."

डिप्टीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे. वर्षातून एकदा धुळ्याहून यायचे. गुरुजींच्या पेन्शनीला वर्षच उरलं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते या एकाच तपासणीत. नाहीतर बाड पुन्हा पिशवीत आणि पिशवी खुंटीला.

*

मी एकदा विचारलं, "गुरुजी, एवढा अट्टाहास कशासाठी?"

ते शाळेत एरवी चोख पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी मात्र घरचं बोलले. नवे मास्तर होते तेव्हाची गोष्ट. तळोद्याकडं एका शाळेत पृथ्वी गोल आहे हे शिकवत होते. एका भिलाच्या पोरानं विचारलं, "गुरुजी, तुम्ही दखेल शे का?" पाहिलीय का तुम्ही? गुरुजींनी त्याला छडीनं फोडून काढला.

"वेडूभाऊ, तो पोऱ्या आखो शाळामा उनाच नई. मी त्याना घर गऊ. घर बंद. समदा गुजरातले मजुरीले चालना ग्या व्हतात."

पोरगा पुन्हा शाळेत आलाच नाही, सगळं घरच गुजरातेत मजुरीला निघून गेलेलं. मग म्हणाले, "त्यानं बरोबरच विचारलं होतं रे. मी कुठं पाहिली होती!"

 माझ्या टेबलावर माझी छडी होती. ती मी उगाचच उचलून कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी परत काढली म्हणा, पण त्या दिवशी ठेवली.

*

मंजुरीसाठी नमुना छापील लागतो. म्हणून गुरुजींनी पहिली सोळा पानं धुळ्याच्या एका छापखान्यात पाठवली. आठवड्यानं कंपोझिटरचं पत्र आलं. ते आम्ही इतक्यांदा वाचलं की मला पाठ आहे.

"रा. रा. निंबाजी मास्तर यांस सा. न. वि. वि. आपल्या पुस्तकाचे नववे पान जुळविताना आमच्या छापखान्यातील सर्व प्रश्नचिन्हे संपली. तरी पुढील प्रश्न विधानार्थी करून पाठवावेत. उद्गारचिन्हे भरपूर आहेत, ती लावू काय."

त्या शेवटच्या प्रश्नालाही प्रश्नचिन्ह नव्हतं! बिचाऱ्याजवळ खरोखरच संपली असावीत.

गुरुजींनी उलट लिहिलं की नवी मागवा. तिकडून उत्तर आलं, "छपाईचे खिळे रत्तलाच्या वजनावर मिळतात. एकट्या प्रश्नचिन्हासाठी मालक मागणी करीत नाहीत. मंजुरी आल्यास पाहू." शेवटी नमुना तसाच छापून आला. चाळीस प्रती. नऊ पानांपर्यंत ठीक, आणि दहाव्या पानापासून : "पोपट हिरवा का! नदी कोठे जाते! तुला काय वाटते!"

पुस्तक मुलांच्या अंगावर खेकसतंय असं वाटायचं. गुरुजींनी कपाळाला हात लावला. मला मात्र ती शेवटची पानं फार आवडली. मी वर्गात असंच तर विचारतो!

*

आता माझा पराक्रम ऐका. हेडमास्तरांनी ठरवलं की डिप्टीसाहेबांना दाखवण्यापुरतं, तपासणीपर्यंत ते पुस्तक माझ्या वर्गात चालवायचं. बत्तीस पोरं. पहिल्या दिवशी मी धडा काढला चंद्राचा. प्रश्न : आपण चालतो तेव्हा चंद्र आपल्याबरोबर का येतो? तुला काय वाटते?

पोरं उत्तरासाठी फळ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "अरे सांगा, तुम्हाला काय वाटतं!"

पहिल्या बाकावरचा एक जण उठला. हाच तो, परवा बाजारात ओरडला तो. अगदी नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, तुम्हले काय वाटस ते सांगी द्या, आम्हले बी तेच वाटी!"

मला हे पटलं. खोटं कशाला बोलू, मनापासून पटलं! खिडकीजवळून एक हात वर झाला होता. जमनीचा. ही तोरणमाळच्या डोंगरातली, पावरा आदिवासींची पोर, मामाकडं शिकायला राहिलेली. घरी पावरी बोलायची, आमची अहिराणी नुकती कुठं शिकली होती. "गुरुजी, तो तुम्हना संगे बी...?" एवढंच बोलली असेल. मी म्हणालो, "हात खाली! आधी फळ्यावरचं उतरून घे!"

आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : मला असे वाटते की, चंद्र फार दूर असल्यामुळे तो आपल्याबरोबर येत असल्याचा भास होतो.

प्रत्येकानं दहा-दहा वेळा लिहिलं. आठवडाभरात सगळ्यांना तसं वाटायला लागलं. जमनीनं त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, डोंगरातली पोर आहे, बुजली असेल.

*

सोळावं पान कोरं होतं. वर एकच ओळ : येथे तुझ्या मनातले चित्र काढ.

हेडमास्तर म्हणाले, "सरकारी शाळेत कोरं पान सोडायचं? उद्या त्यावर कुणी काहीही लिहील!" आणि त्यांनी दुपारभर बसून चाळीसही प्रतींत त्या पानाच्या बरोबर मध्यभागी शाळेचा गोल शिक्का मारला. खाली सही ठोकली, "कोरे असल्याचे पाहिले."

गुरुजी तर रडकुंडीलाच आले होते. पण पोरांनी काय करावं? एकानं शिक्क्याला आरे काढून बैलगाडीचं चाक केलं. एकीनं खाली चूल काढून भाकरी केली. एकानं शिक्क्याला मिशा काढल्या, चष्मा घातला आणि खाली लिहिलं "हेडमास्तर." हेडमास्तरांनी ते पान बराच वेळ न्याहाळलं. "चष्मा जमलाय," म्हणाले.

जमनीनं शिक्क्याचा चंद्र केला होता. खाली दोन माणसं. एक इकडे तोंड करून चाललंय, एक तिकडे. मला वाटलं दोघांचं भांडण झालंय.

*

मग लोणखेड्याचे पाटील आले. पागोटं नीट नव्हतं, म्हणजे प्रकरण गंभीर.

"मास्तर, हाई काय शिकाडी ऱ्हायनात तुम्ही? मन्हा पोऱ्या जेवाले बसना आन् माले इचारस, 'बा, माय सग्यास्ना मांगून काबर जेवस?'"

आई सगळ्यांच्या मागून का जेवते, हा पोराचा प्रश्न. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी सांगं, तुन्ही मायले इचार. त्यानी इचारं. आते ती बी इचारमा पडनी! दोन दिन व्हई ग्यात, ताट लिसन मन्हा सामने बसस!"

"ताट घेऊन समोर बसते, मग तक्रार काय आहे पाटील?"

पाटील जरा घुटमळले. "तक्रार काही नई. पन दोन्ही संगे बसनूत, तर गरम भाकर कोन टाकी? हाई तुम्हना पुस्तकमा लिखेल शे का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "ते तुम्ही सांगा."

पाटील तणतणत गेले. पुढच्या बाजाराला मला भेटले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या दोन भाजलेल्या बोटांना फडकं बांधलेलं होतं.  

*

आणि आले डिप्टीसाहेब! उंच, काळा कोट, कपाळाला कायमची आठी. थेट माझ्या वर्गात आले. मागे हेडमास्तर, त्यांच्यामागे निंबा गुरुजी. गुरुजींनी त्या दिवशी नवं धोतर नेसलं होतं.

साहेबांनी नमुना उघडला, मधलंच एक पान काढलं आणि विचारलं, "आपण चालतो तेव्हा चंद्र आपल्याबरोबर का येतो? कोण सांगेल?"

मी मनात म्हटलं, वा! आलं की आपलंच!

सगळा वर्ग ताडकन उभा राहिला आणि एका सुरात गर्जला, "मला असे वाटते की! चंद्र फार दूर असल्यामुळे! तो आपल्याबरोबर! येत असल्याचा भास होतो!"

छपराची कौलं हलली. मी कौतुकानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी पुस्तक मिटलं.

"छान. इतकी मुलं, आणि वाटतं मात्र सगळ्यांना एकच. निंबाजी, मग नेहमीच्या वाचनमालेत काय वाईट होतं?"

 गुरुजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं! त्यांची अकरा वर्षं मी फळ्यावरच्या एका ओळीत बुडवली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

साहेब दाराकडं वळले आणि थांबले. खिडकीजवळ एकच पोर खाली बसून होती.

"तू नाही म्हटलंस?"

जमनी उठली. मान हलवली.

"का? तुला तसं वाटत नाही?"

तिनं माझ्याकडं पाहिलं.  मी छडी पाठीमागं लपवली आणि म्हणालो, "बोल बाई. त्या दिवशी विचारत होतीस ते विचार."

"साहेब, चंद्र तुम्हना संगे बी येस का?"

"माझ्याबरोबर? हो, येतो की."

"तुम्ही धुयाले जातस, तवय धुयालोंग येस?"

"धुळ्यापर्यंत येतो."

"आन् त्याच रातले मी तोरणमायले जास. तो मन्हा संगे बी वर चढस." तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडून पुढं धरलं. गोल शिक्का, खाली दोन माणसं, एक इकडे, एक तिकडे. "मंग तो खरा कोना संगे जास?"

साहेब त्या पानाकडं बघत राहिले.   हेडमास्तर खिडकीतून बाहेर आभाळाकडं बघायला लागले, भर दुपारी!

"निंबाजी," साहेब शेवटी म्हणाले, "याचं उत्तर काय?"

"पुस्तकात नाही साहेब."

साहेबांनी पुस्तक परत चाळलं. दहाव्या पानावर थांबले. अकराव्यावर थांबले. कपाळाची आठी आणखी खोल गेली.

"ही सगळीकडं उद्गारचिन्हं का घातलीत?"

गुरुजींनी घाबरत घाबरत छापखान्याची सगळी हकीगत सांगितली. साहेबांनी खिशातून पेन काढलं, पुस्तक जमनीच्या बाकावर ठेवलं आणि मंजुरीच्या जागी सही केली. मग हेडमास्तरांकडं वळून म्हणाले,

"त्या छापखानेवाल्याला आजच लिहा. माझ्या नावानं लिहा. म्हणावं, दोन रत्तल प्रश्नचिन्हं मागव!"