चष्म्यात थिजलेलं धुराडं

खारूताईचं खरं नाव कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं ती उंच धुराड्यांच्या लोखंडी शिड्या सरसर चढून विटांमधल्या भेगा तपासायची, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. भीती कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. मग गुडघ्यांनी दावा साधला आणि पन्नाशीत ती ड्रोन उडवायला शिकली. आता जमिनीवर उभं राहून हातातल्या पडद्यावर भेगा बघायच्या. उन्हात पडदा धड दिसत नसे, एवढीच तिची कुरकुर.

त्यावर तोडगा म्हणून भाचीने स्मार्ट चष्मा बनवून आणला. "आत्या, ड्रोनला जे दिसेल ते थेट तुझ्या डोळ्यांपुढे."

"आणि चक्कर आली तर?"

"तुला? चक्कर?" भाची खळखळून हसली.

धुराड्याच्या पलीकडच्या अंगाला एक रंगारी दोराच्या पाळण्यात बसून काम करत होता. तिकडे अजिबात फिरकायचं नाही, असं ठरवून दोघींनी चाचणी सुरू केली.

ड्रोन वर गेला. शिडीवर खारूताई कायम पुढची पायरी बघायची, खाली कधी पाहिलंच नव्हतं. इथे कॅमेरा खाली वळला आणि सगळं आवार काड्यापेटीएवढं झालं. पाय जमिनीवर होते, तरी तळव्यांना घाम फुटला.

"थांबूया का?" भाचीने विचारलं.

"छे!" ती म्हणाली. हो म्हणायची लाज वाटली.

तेवढ्यात वारा उठला. चष्म्यात समोर विटांची भिंत, अगदी स्थिर.

"आत्या, ड्रोन पलीकडे चाललाय!"

"कुठे गं? जागचा हलत नाहीये!"

वरून माणसाची किंकाळी आली. खारूताईने चष्मा ओरबाडून काढला. उन्हाने डोळे दिपले. ड्रोन पाळण्यापासून हातभर अंतरावर भिरभिरत होता आणि रंगारी डोक्यावर हात घेऊन आक्रसून बसला होता. तिची बोटं लाकडासारखी झाली. कशीबशी तिने हातातल्या रिमोटची कळ वर रेटली. ड्रोन दोराला चाटून वर गेला, मग लांब.

तो उतरवल्यावर ती तिथेच मातीत बसली.

रंगारी खाली आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "ताई, मला एकच दोर आहे हो," एवढंच तो म्हणाला. खारूताईला मान वर करवेना.

चाचणीच्या अहवालात भाचीने लिहिलं, 'चित्रात किंचित विलंब'.

"खोड ते. चार सेकंद चित्र थांबलं आणि थांबलंय हे मला कळलंच नाही, असं लिही."

"चष्मा नापास होईल, आत्या. माझी वर्षभराची मेहनत आहे."

"माणूस गेला असता."

भाचीने खोडलं. चष्मा नापास झाला. दोन महिन्यांनी तो सुधारून आला; आता चित्र अडकलं की कडेने लाल चौकट पेटत होती. या खेपेला धुराड्यावर कुणी नव्हतं, आणि ड्रोनवर नजर ठेवायला भाची शेजारी उभी होती. खारूताईने चष्मा चढवला. पण कळेला हात लावला नाही.

"आत्या, घाबरलीस?"

"खूप," ती म्हणाली. "दंडाला धरून ठेव मला."