उतारावरची कळशी

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ब्रेकचे लायनर तपासतो. गेज लावायचा, पास की नापास ते सांगायचं आणि पुढचा लायनर हातात घ्यायचा. इतकी वर्षं हे केल्यावर ब्रेक या विषयात मला कोणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, असा माझा समज होता. तो सांगोल्याकडच्या एका मुरमाड उतारावर, खुद्द सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत उतरला.

सासरे मेंढपाळ. मी त्यांना मामा म्हणतो. घर माळावर, मेंढरांचं काटेरी कुंपणाचं वाडगं खाली ओढ्याकाठी आणि मधली वाट अशी की जीपसुद्धा नको म्हणते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामांना ती वाट उतरता येईना. मेंढरं मेहुणा सांभाळायचा. एकदा त्याने एक कोकरू खांद्यावर टाकून वर आणलं. मामांनी कोकराच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "बाकीची?" चार महिने ते बाजेवर बसून नुसती खालची धूळ बघत होते. मला ते बघवेना. म्हणून बंद पडलेल्या एका रिसॉर्टची जुनी एटीव्ही मी उचलून आणली. म्हणजे फुगीर टायरांची चार चाकी मोटरसायकल. बायको म्हणाली, "तुम्हाला अजून सायकल नीट वळवता येत नाही." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, हे काही नवीन नव्हतं.

"मामा, बसा मागं," मी ऐटीत म्हणालो.

मामांनी काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारली. "पाव्हणं, आदी पानी न्या की खाली." त्यांनी मागच्या कॅरिअरला काठोकाठ भरलेली उघडी कळशी बांधायला लावली. "अर्धी जरी खाली पोचली, तरी मी बसतो."

आता आमची एक खोड सांगायला हवी. उतार दिसला की गाडी न्यूट्रल करायची आणि पेट्रोल वाचवायचं, हे मी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून शिकलो. मुळात सोलापूर सपाट. उतार नशिबाने मिळतो, तो वाया कसा घालवायचा? मी उतारावर न्यूट्रल टाकलं. गाडी सुटली. मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. पुढची चाकं जाम झाली, आणि जाम झालेलं चाक कुठे वळतं? हँडल पूर्ण डावीकडे आणि गाडी सरळ, एका वेड्या बाभळीत. कळशी कोरडी. हातातले काटे बायकोने काढले, एकेक, सावकाश, बोलत बोलत.

पुढचे दोन रविवार तेच. मी ब्रेक उघडले, साफ केले, लायनर बदलले. दोष गाडीतच असणार, कारण चालवणारा मी होतो.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी बाजेवरून हाक मारली. "पाव्हणं, उतार लागला की हिचा आवाज का वो बसतो?"

मी त्यांना न्यूट्रल समजावून सांगितलं, पेट्रोलच्या बचतीसकट.

"म्हंजे बैलं सोडून गाडी उतारावर ढकलताय व्हय?"

कारखान्यातल्या कोणालाही हे कळू नये, एवढंच वाटत होतं.

त्या दिवसापासून पहिला गिअर. हिचा एक्सलेटर अंगठ्याने दाबायचा असतो; अंगठा काढला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक वळणाच्या आधी, हलका. वळणात सोडून द्यायचा. बाकीचं मामा वरून ओरडून सांगायचे. "बूड मागं घ्या. उताराला मानूस म्होरं झुकला की पडतो." आणि "त्या दगडाकडं बघू नका, तितंच जाल. वाटंकडं बघा." गाडीवर ते एकदाही बसले नव्हते. सगळा जन्म उतार मात्र पायी उतरले होते.

एका सकाळी कळशी अर्धीहून जास्त भरलेली खाली पोचली. मी ती दोन्ही हातांनी धरून तशीच वर नेली, मामांना दाखवायला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि डोक्याला पटका गुंडाळायला घेतला.

ते मागे बसले. माझा खांदा त्यांनी असा आवळला की हाड दुखलं. मी रांगत्या वेगाने निघालो. शेवटच्या वळणावर खांद्यावरचा हात एकदम सुटला. म्हातारा पडला, असंच वाटलं.

तेवढ्यात मागून शीळ आली. मामांनी दोन्ही हातांची बोटं तोंडात घातली होती. खाली ओढ्याकाठी सगळ्या कळपाने एकदम माना वर केल्या आणि मेंढरं ओरडत चढाकडे धावत सुटली. मामा हात सोडून बसले होते, माझ्या मागे. माझे डोळे भरून आले, पुढची वाट दिसेना. नशीब, गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.