खोटा बर्फ

नाताळच्या सुट्टीत दुपारी टीव्हीवर जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा लागला होता. सिनेमाभर कडाकडा भांडलेले नायक-नायिका शेवटी भुरभुरत्या बर्फात एकमेकांच्या मिठीत शिरले.

"बर्फ खोटा आहे गं. कुणाच्या तोंडातून वाफ येतेय का बघ," नवरा म्हणाला. सकाळच्या भांडणानंतरचं हे त्याचं पहिलं वाक्य.

खोट्या बर्फात त्यांना जमलं, मग खऱ्या घरात आपलीच जीभ का जड होते? आमच्याकडे 'चुकलं' असं कुणी म्हणत नाही; न विचारता दुसऱ्यासाठी चहा टाकायचा, की झालं. आज तेवढ्यावर भागेलसं वाटेना. तरी उठले, चहा टाकला, बसले, पुन्हा उठले.

आता दोन्ही कपांतून वाफ येतेय. ती विरायच्या आत कुणीतरी बोलायला हवं.