फौजदारसाहेबांचा उजवा बूट

"हवालदार, धावा!" फौजदारसाहेब गुडघाभर चिखलातून ओरडले, आणि मी बांधावर बसलो.

आमच्यापुढे शंभरेक पावलांवर दोन पोरं धावत होती. त्यांच्यापुढे काळू नदी. आषाढ अर्धा संपलेला, पाणी दोन्ही काठांना लागलेलं. साहेबांनी पुन्हा हुकूम दिला. मी तो नीट ऐकला, डबी काढली आणि तंबाखू मळायला लागलो. वीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांचा हुकूम असा उघडउघड मोडण्याची ती माझी पहिली वेळ. दंडावर तीन फिती होत्या आणि त्या उतरवायला साहेबांचा एक कागद पुरेसा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा मुरबाडला हेड कॉन्स्टेबल होतो. वैशाखऱ्याकडचा रस्ता माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या फेरीच्या हद्दीत येई. आमच्या जिल्ह्यात त्या काळी मोहाची वाळलेली फुलं परवान्याशिवाय साठवणं हा गुन्हा होता. फुलं म्हणजे दारू, असा सरकारचा साधा हिशेब. डोंगराकडच्या लोकांचा हिशेब वेगळा. त्यांच्याकडे मोहाची फुलं भाजून खात, गुरांनाही घालत, आणि दारूही गाळत. यातलं कुठलं फूल कशासाठी, हे फुलाकडे बघून सांगता येत नाही. त्यामुळे गोणी दिसली की आम्ही थांबवायचं आणि आम्ही दिसलो की त्यांनी पळायचं, असा वर्षानुवर्षांचा रिवाज पडला होता.

आमचे फौजदार ट्रेनिंग स्कूलमधून नुकतेच बाहेर पडलेले. वय पंचवीस-सव्वीस. धावण्याच्या शर्यतीचं पदक त्यांनी टेबलावर ठेवलेलं असे, येणाऱ्याला दिसेल असं. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त त्यांना वाटे की पळणारा माणूस सरकारचा अपमान करतो, आणि तो भरून काढायला आपण त्याच्याहून जोरात पळायला हवं. पायात खिळ्यांचे बूट. आम्ही चपलावाले. साहेब चौकीत शिरायच्या आधी बुटांचा आवाज शिरायचा.

त्या दिवशी आम्ही दोघं रस्त्याने येत होतो. समोरून दोन पोरं आली, एकाच्या डोक्यावर गोणी. धाकटा चौदाचा, थोरला सोळाचा असेल. आम्हाला पाहिलं, गोणी टाकली आणि सुटली. साहेबही सुटले. मुरमाच्या वाटेवर त्यांचे बूट असे वाजत होते की वाडीतली कुत्रीसुद्धा घरात गेली असतील. मी मागून जमेल तसा धावत होतो. वाट संपली, शेतं लागली. पहिली दोन शेतं साहेबांनी बांधावरून काढली. तिसऱ्याला ते शॉर्टकट म्हणून मधून गेले. त्या शेतात चिखलणी झालेली होती, म्हणजे लावणीसाठी नांगरून, पाणी कोंडून चिखल केलेला. शर्यतीच्या मैदानावर असलं काही नसतं. चौथ्या पावलाला साहेब रुतले.

मग तो हुकूम, आणि मग माझं बसणं. का बसलो, ते सांगायला एक वर्ष मागे जावं लागेल.

आदल्या पावसाळ्यात मी शहापूरला होतो. तिथे एक पंधरा वर्षांचा मुलगा असाच गोणी टाकून पळाला, एक शिपाई मागे लागला, आणि मुलगा भातसा नदीत गेला. दुसऱ्या दिवशी तीन मैलांवर सापडला. पंचनामा मी लिहिला. पंचनामा म्हणजे पाच शहाण्या माणसांसमोर जे दिसलं ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. मुलाची उंची, अंगावरचे कपडे, कमरेचा करगोटा, सगळं मी उतरवलं. मी लिहीत असताना त्याची आई पलीकडे बसली होती. ती रडत नव्हती. तिने मला एवढंच विचारलं, "भातसा तेच्या पायाखालची व्हती, हवालदार. आंधळ्यानं पन चुकवली असती. मंग तो थांबला का नाय?"

पंचनाम्यात या प्रश्नाला जागा नसते. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

पुढे महिनाभर शहापुरात दुसरा विषय नव्हता. जबाबदार कोण? हॉटेलात एक पक्ष म्हणे, पोलीस. कोर्टाच्या आवारात दुसरा पक्ष म्हणे, जो पळाला तो स्वतःच. शाळामास्तरांच्या मते मुलाला शाळा सोडून गोणी उचलायला लावणारा बाप. न्हाव्याकडे दाढी करायला बसलो तर त्याने वस्तरा गळ्यावर ठेवून मला माझं मत विचारलं. अशा वेळी माणूस मत देत नाही. दोन वकील या वादावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. वर चौकशी झाली, शिपायाचा दोष नाही असं ठरलं, आणि तो बिचारा जेवण टाकून बसला. एवढं सगळं झालं, पण त्या बाईचा प्रश्न कोणी विचारला नाही, मग उत्तर तरी कोण देणार? माझ्या मात्र तो डोक्यात बसला होता. मुरबाडच्या त्या बांधावर मी बसलो, तो त्या प्रश्नामुळे.

मी तंबाखू मळत असताना पोरं काठाशी अचानक थांबली. त्यांनी मागे वळून पाहिलं. साहेब चिखलात, मी बांधावर. मग ती नदी सोडून डावीकडच्या झाडीत घुसली आणि दिसेनाशी झाली. मी डबी मिटली आणि साहेबांना बाहेर काढायला उतरलो. साहेब निघाले, उजवा बूट राहिला. आम्ही दोघांनी खांद्यापर्यंत हात घालून शोधला, पण गाळाने तो पोटात घातला होता. साहेब एका बुटावर मुरबाडला परतले. वाटेत माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. त्या एका बुटाचा आवाज मात्र येत होता.

संध्याकाळी त्यांनी ठाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीला, रिपोर्ट लिहिला. हेड कॉन्स्टेबल फरारी आरोपींचा पाठलाग सोडून तंबाखू खात बसला. यातला शब्दन् शब्द खरा असल्यामुळे मला तक्रारीला जागा नव्हती. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, फिती गेल्या तर शर्ट धुवायला सोपा जाईल. म्हणाली खरी, पण त्या रात्री ती जेवली नाही.

चौथ्या दिवशी ठाण्याहून डेप्युटीसाहेब चौकशीला आले. वयस्कर गृहस्थ, पित्ताचा त्रास, बोलणं मोजकं. चौकीच्या ओट्यावर टेबल मांडलं. फौजदारसाहेब नव्या बुटांत उभे, मी समोर.

"हुकूम ऐकू आला होता का?"

"आला होता, साहेब."

"मग?"

"मग बसलो."

डेप्युटीसाहेबांनी कारण विचारलं. मी शहापूरचं सांगितलं. पोरं नदीत गेली असती, असं म्हणालो. त्यावर फौजदारसाहेबांनी आपली बाजू मांडली, आणि ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पोलीस थांबायला सांगतो, पळणारा पळतो, तेव्हा पुढे होईल ते त्याचं त्याच्या माथी. आम्ही असं बसू लागलो तर उद्या दरोडेखोरही नदीकाठी येऊन राहतील. डेप्युटीसाहेबांनी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मला कळलं नाही. शहापूरच्या हॉटेलातला वाद पुन्हा माझ्यापुढे येऊन उभा राहिला होता, आणि या वेळी त्याच्या निकालावर माझ्या फिती टांगलेल्या होत्या.

एवढ्यात फाटकाशी गलका झाला. एक म्हातारा, कांबळ्याची खोळ घेतलेला, आणि त्याच्यामागे तीच दोन पोरं. म्हाताऱ्याच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेलं काहीतरी होतं. ते त्याने छातीशी असं धरलं होतं की कोणी देव घेऊन आलाय असं वाटावं. तो ओट्याशी आला, फौजदारसाहेबांकडे पाहिलं आणि जागच्या जागी खाली बसला.

"जित्ता हाय गो बाय," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

कोण जिवंत आहे, हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. पानं सोडली तर आत साहेबांचा उजवा बूट. धुतलेला, आकार बिघडू नये म्हणून आत पेंढा भरलेला. म्हातारा त्या पोरांचा आजा, धर्माबाबा. त्यांच्या शेतात लावणी करताना बूट बायकांच्या हाताला लागला. बूट आहे आणि साहेब नाही. सगळ्या वाडीने डोक्याला हात लावला. फौजदारसाहेब आमच्या शेतात बुडाले आणि गाळाखालून नदीत गेले, असं ते धरून चालले. त्याला पुरावा? थोरल्या पोराने, गोमाने, तो सांगितला. साहेब रुतलेले त्याने पाहिले होते, आणि हवालदार बांधावर बसलेला. त्यांच्याकडे भर पावसात माणूस बांधावर बसतो तो कोणी गेलं तरच.

मग दोन दिवस वाडीत बैठक बसली होती. विषय, साहेबांच्या मरणाला जबाबदार कोण? काही म्हणाले, पोरं, कारण ती पळाली. काही म्हणाले, साहेब आपल्या पायांनी धावले, त्यांना कोणी धावायला सांगितलं नव्हतं. एकाने चिखलणी करणाऱ्या काकावर ठपका ठेवला. अखेर असं ठरलं की सरकारी बूट लपवला तर वाडीवर खुनाचा आळ येईल. तेव्हा पोरं आणि बूट दोन्ही चौकीवर हजर करायचं. वैशाखऱ्याकडून ती पायी आली होती, फासावर जायच्या तयारीने. धाकट्याच्या कमरेला आईने वाटेत खायला भाकरी बांधून दिली होती.

डेप्युटीसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला. पित्त उसळलं असेल असं मी समजलो, पण त्यांचे खांदे हलत होते. फौजदारसाहेब आधी लाल झाले. मग तेही हसले, आणि त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले.

हसणं ओसरल्यावर डेप्युटीसाहेबांनी धाकट्याला जवळ बोलावलं. त्याचं नाव चंदर. त्याला विचारलं, की नदी एवढी भरलेली, तिच्याकडे का धावत होतास, पोहता येतं का?

"नाय सायेब."

"मग नदी दिसली नाही?"

चंदरने आजाकडे पाहिलं, मग बुटाकडे.

"मागं बूट वाजत व्हता. तवर पुढचा काय दिसतच नव्हता. बूट थांबला, तवा नदी दिसली."

"आणि हे हवालदार धावत आले असते तर?"

"मंग कसली दिसते," चंदर म्हणाला.

फौजदारसाहेब नव्या बुटांकडे बघत होते. मला एकदम शहापूरचा तो नदीकाठ आठवला. मी नाकाला रुमाल लावून तंबाखूचा ठसका लागल्यासारखं केलं.

निकाल असा लागला. रिपोर्टावर डेप्युटीसाहेबांनी 'पुढील कारवाई नको' असं लिहिलं. पोरांना मामलेदारांनी ताकीद देऊन सोडलं. पावसाळ्यात नदीनाल्याच्या बाजूला पळणाऱ्या पोरांचा पाठलाग करू नये, घर गाठावं आणि वाट पाहावी, असा हुकूम निघाला. तो लिहिला फौजदारसाहेबांनीच, आणि सुंदर लिहिला. शर्यतीचं पदक टेबलावरून खणात गेलं. बुटाची मात्र पंचाईत झाली. नवा जोड आलेला, त्यामुळे एकटा उजवा बूट कुठल्याच यादीत बसेना. तो माझी बदली होईपर्यंत चौकीच्या खुंटीला टांगलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त शहापूरला जाणं झालं. न्हाव्याच्या दुकानात तो वाद अजून चालूच होता. मी दाढी न करता तसाच पुढे भातसेच्या काठच्या त्या घरी गेलो. बाई अंगणात शेण्या थापत होती. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. मी तिला चंदर काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं, पंचनाम्यात लिहितात तसं, पदरचं काही न घालता.

तिचे हात थांबले.

"म्हंजे माज्या पोराला पन नदी दिसली नसंल," ती म्हणाली.

"नाही दिसली, बाई."

तिने मान डोलावली आणि पुढची शेणी थापायला घेतली. मी पाणी संपवून उठलो.

त्यानंतर मी आणखी बारा वर्षं नोकरी केली. हवालदार, धावा, असं सांगणारे वरिष्ठ पुष्कळ भेटले. मोठ्या माणसांच्या मागे मी धावलोही, दोनदा पडलो, एकदा दात गेला. पोरं दिसली आणि पुढे पाणी दिसलं की मात्र मी तंबाखूची डबी काढत असे. पेन्शनीत निघालो तेव्हा तिन्ही फिती दंडावर होत्या.