गुडघ्यात भरलेला डोळा

माझा गुडघा असा वाजायचा, की कारंज्याच्या ढाब्यावर मी खाटेवरून उठलो तर चार ड्रायव्हर चहा टाकून आपापल्या ट्रकचे पाटे तुटले का ते बघायला धावत. त्यातला एक अजून खाली वाकून पाहून राह्यला आहे.

तीस वर्षं मी संत्र्याची कलमं केली. जंभेरी लिंबाच्या रोपाला जमिनीपासून वीतभर उंचीवर चीर द्यायची, संत्र्याच्या काडीचा डोळा आत बसवायचा, पट्टी बांधायची. सगळं उकिडवं बसून. ते बसणं गेलं की मी गेलो! हंगाम महिन्यावर आला, तसा नागपूर गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, कमरेच्या हाडातला मगज काढू, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, गुडघ्यात सोडू. गुण येईलच असं नाही. यावर अजून संशोधनच चालू आहे."

"म्हणजे एकीकडचा डोळा दुसरीकडे भरायचा. माझं हजारात एक कलम मरत नाई, साहेब!"

शंभरात दहा मरतात. पण डॉक्टरसमोर कोण खरं बोलतं?

सुई टोचून झाल्यावर ते म्हणाले म्हणे, "दोन दिवस आराम, मग हळूहळू पाय वाकवा." मी तेव्हा मनातल्या मनात पट्टी बांधत होतो.

घरी येऊन गुडघा करकचून गुंडाळला. भरलेला डोळा एकवीस दिवस हलवत नसतात. पाय खाटेवर गप्प, मी मात्र तव्यावरच्या लाहीसारखा. दर तासाला पट्टीचं टोक उचलून बघे.

बायको म्हणाली, "काऊन जी, कोंब फुटला का?"

"हसू नको. आतून खाजून राह्यलं. म्हणजे कलम धरलं."

"घामोळं असन. अन् धरलंच, तर संत्र्याचा पहिला तोडा माह्या माहेरी पाठवजा."

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडली. ठणका कमी होता, पण पाय विजेच्या खांबासारखा ताठ. डॉक्टर फोनवर ओरडले, "वाकवायला सांगितलं होतं ना!" ठणका सेलने गेला की लोळण्याने, ते त्यांनाही सांगता येईना.

तेव्हापासून बायको रोज माझा पाय बोटभर वाकवते आणि मी शिवारभर ऐकू जाईल असा बोंबलतो. खुर्चीत बसण्याइतका आता वाकतो. पण कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभरावर असतो.

काल संत्र्याच्या काड्या आल्या. ओल्या पोत्यात किती दिवस थांबणार? सकाळी वाफ्यात गेलो, काठी फेकली आणि रोपांच्या ओळीत सरळ कुशीवर आडवा झालो.

"अवो, उठता येईन का?" बायको धावत आली.

"ते नंतर पाहू. चाकू दे."