वॉर्निश ओतण्याआधी

आमचे व्याही मोटरी भरतात. लग्नाच्या बोलणीत हे वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, हमाली करत असतील. माणूस तर काडीसारखा. घरी आल्यावर मुलीला म्हटलं, "अगं, हा पोती उचलतो तरी कशी?" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनेच समजावलं, की पंपाची किंवा गिरणीची मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी तार वेढ्यावेढ्याने बसवायची, याला मोटर भरणं म्हणतात. मी गावच्या एका खोलीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. चारही इयत्ता एकाच खोलीत असल्यामुळे पहिलीत असतानाच मी चौथीचं सगळं ऐकून टाकलं होतं, आणि चौथीत गेल्यावर ऐकायला नवीन काही उरलं नव्हतं. तेव्हा मला मोटर कुठून माहीत असणार?

गोदामातली नोकरी संपल्यापासून माझी दुपार व्याह्यांच्या दुकानात जाते. रस्त्याकडेची लांबट खोली, एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. मागच्या दाराने घर. माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, त्या दाराने ये-जा करते आणि दोन म्हाताऱ्यांवर नजर ठेवते. मी एका उलट्या खोक्यावर बसतो आणि बोलतो. व्याही तार गुंडाळतात आणि हुंकार देतात. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं. हातात काम असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

व्याही पोरवयात एका वस्तादाकडे शिकले. वस्ताद फार गुणी. तार कशी धरायची, लोखंडाच्या खाचेत कागद कसा घालायचा, वेढे दोऱ्याने कसे बांधायचे, सगळं हाताला हात लावून शिकवलं. पण वॉर्निश ओतायची वेळ आली की म्हणायचा, "जा रे, कोपऱ्यावरून चहा घेऊन ये." चहा घेऊन येईपर्यंत मोटर वॉर्निश होऊन चकचकीत. अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी एकदा व्याही अर्ध्या वाटेतून परत फिरले आणि दाराच्या फटीतून त्यांनी पाहून घेतलं. वस्तादाने ते कधी सांगितलं नाही आणि यांनी पाहिल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. या धंद्यात हे चालतंच. सगळी विद्या दिली तर देणाऱ्याला विचारतो कोण, असं व्याही मला हसत हसत सांगायचे. मीही हसायचो. मला ती गोष्ट फार आवडायची, मी ती बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे.

आता या कामात बाई कशा आल्या ते सांगतो. आमच्या भागातल्या वाचनालयातून एक बाई निवृत्त झाल्या. घरी बसवेना, म्हणून त्यांनी एक वेबसाइट काढली. ज्यांचं शिकायचं वय निघून गेलं असं लोक म्हणतात, त्यांच्यासाठी. घरी बसून, आपल्या सवडीने, फुकट शिकायचं. हिशेब ठेवणं, शिवण, इंग्रजी अर्ज लिहिणं, सुतारकाम, नळाचं काम. बाई खमक्या. कुणी काहीही पाठवलं तर लावून टाकलं, असं नाही. स्वतः बघणार, शंका काढणार, आणि बघून माणसाला ते काम खरंच करता येईल असं वाटलं तरच लावणार. मी स्वतः त्यांच्याकडचा नळाचा धडा बघून घरचा गळका नळ दुरुस्त केला. गळायचा पूर्ण थांबला. उघडल्यावरही गळेना, एवढा थांबला. पण तो धड्याचा दोष नव्हता.

बाईंनी व्याह्यांना गाठलं. ते आधी लाजले, मग तयार झाले. माझी मुलगी फोन धरायची, हे बोलायचे. चेहरा दाखवायचा नाही अशी अट, फक्त हात. आणि काय सुंदर हात दिसायचे. आठ-दहा धडे झाले. बाईंनी ते बसून पाहिले आणि शेवटी विचारलं, "यातलं काही राहिलंय का? हे लोक घरी एकटे शिकतात. अडलं तर विचारायला शेजारी कुणी नसतं, आणि गाळलेलं काय ते त्यांना कळणार नाही."

"काही राहिलेलं नाही बाई," व्याही म्हणाले.

बाईंनी धडे लावले आणि खाली लिहिलं, 'पूर्ण व खात्रीचे.'

मग लोकांचे निरोप यायला लागले. निवृत्त ड्रायव्हर, मुलं मोठी झालेल्या बायका, काम सुटलेली माणसं. सगळे लिहायचे, सर, तुमच्यामुळे शिकलो. सातवीत शाळा सोडलेला माणूस सर झाला. चष्मा कपाळावर आणि फोन नाकाशी धरून ते मला एकेक निरोप वाचून दाखवायचे. त्या दिवसांत माझ्या गोष्टींना हुंकारसुद्धा मिळेना. थोडा जळलोच मी. पण अशा जळण्याने मोटरला काही होत नाही.

एका दुपारी दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, खांद्यावर पोतं, पोत्यात जड काहीतरी. त्या तेलकट दुकानाबाहेर कुणी चपला काढत नाही. त्याने काढल्या.

"सर आपणच का? हात ओळखले मी," तो म्हणाला. "मी तुमचा विद्यार्थी. माफी मागायला आलोय."

व्याही खूश झाले. "बसा बसा. माफी कसली?"

"सूतगिरणीत होतो. गिरणी बंद पडली. मग तुमचे धडे बघून बघून शिकलो आणि दुकान टाकलं. पाटीवर तुमचं नाव लिहिलंय, की यांच्याकडे शिकलो. न विचारता लिहिलं. आणि आता ते नाव मी धुळीला मिळवलंय." त्याने पोतं उघडलं. आत जळालेली मोटर. "भरून देतो तेव्हा छान चालते. महिना-दीड महिना चालते आणि जळून परत येते. एक नाही, सगळ्या. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोलतं. बायको म्हणते, या वयात कुणी नवा धंदा शिकतं का. तिचंही बरोबर असेल. एका गोदामावर फाटकाची, म्हणजे पहाऱ्याची नोकरी मिळतेय, उद्या हो की नाही कळवायचंय. तेवढं बघून सांगा, माझा हात सुधारण्यासारखा आहे का. नसेल तर उद्या हो म्हणतो आणि पाटी उतरवतो."

व्याह्यांनी मोटर खोलली. मी खोक्यावरून वाकून पाहिलं. इतकी वर्षं बसून मलाही आता थोडं कळतं. वेणी घालावी तसे वेढे बसवले होते. गाठी सगळ्या एका मापाच्या. व्याही त्या गाठींवरून बोट फिरवत राहिले.

"तार हलकी लागली असेल," शेवटी म्हणाले.

त्या माणसाने खिशातून तारेचा तुकडा काढून पुढे केला. व्याही वापरतात तीच तार. "तुमच्या धड्यात रिळावरचं नाव दिसत होतं, तीच शोधून आणली."

"मग गिऱ्हाईक जास्त लोड देत असेल."

"असेल," तो म्हणाला. त्याने वादसुद्धा घातला नाही. "एक मनात आलं होतं. धड्यात गाठी बांधून झाल्या की एकदम वॉर्निश केलेली मोटर दिसते. मधलं काही दिसत नाही. म्हटलं विचारावं. पण खाली 'पूर्ण' लिहिलंय. म्हणून म्हटलं, आपलीच समज कमी."

मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. माझी मुलगी मागच्या दारात उभी होती.

"सूनबाई, चहा..." एवढं ते म्हणाले आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिच्याही चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. नंतर ती मला म्हणाली, "अण्णा, दरवेळी वॉर्निशाच्या वेळी बाबांनी मला फोन बंद करून चहा टाकायला लावलं होतं. मला वाटायचं, वासाचा मला त्रास होतो म्हणून."

"चहा राहू दे. इथेच थांब," व्याही तिला म्हणाले.

कोपऱ्यात एक लोखंडी पेटी आहे. तिच्यावर चादर असते. व्याह्यांनी ती ओढून काढली, दार उघडलं. आत चारी बाजूंना मोठे दिवे लावलेले. त्यांनी बटण दाबलं. खाली बघतच बोलायला लागले.

"मोटर भरून झाली की आधी यात तापवायची. कागदात ओल असते, ती जायला पाहिजे. हात लावला तर चटका बसेल इतकी तापली की तशीच बाहेर काढून वॉर्निश ओतायचं, म्हणजे ते तळापर्यंत उतरतं. मग परत आत ठेवून पक्कं भाजायचं. थंड मोटरवर ओतलं तर वरून वाळतं, आत ओल कोंडून राहते. चालते थोडे दिवस. मग जळते."

तो माणूस पेटीतल्या उजेडाकडे बघत राहिला.

"हे धड्यात नाही."

"नाही."

"विसरलात?"

"नाही," व्याही म्हणाले.

एरवी अशा वेळी मला एखादी गोष्ट आठवते आणि मी वातावरण हलकं करतो. आमच्या शाळेतल्या गुरुजींचीच एक आठवली होती. पण जीभ उचलेना.

तो माणूस माझ्या शेजारी दुसऱ्या खोक्यावर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "दोन महिने मी रोज माझे हात बघतोय," तो म्हणाला. "बोटं जाड आहेत का, थरथरतात का. डोळे तपासून आलो. चष्मा बदलला." मग थोड्या वेळाने, "मी आता गिऱ्हाइकांना सांगायला गेलो तर काय म्हणतील? नाचता येईना, अंगण वाकडं. ते तुम्ही येऊन सांगायला पाहिजे."

"येतो," व्याही म्हणाले. "उद्याच येतो. फाटकाच्या नोकरीचं..."

"ते मी बघतो," तो म्हणाला. 'सर' म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या गावात दारोदार फिरलो. मीही गेलो, व्याह्यांना एकटं कसं सोडायचं? गाडी धुण्याच्या दुकानात व्याह्यांनी सांगितलं, कपडे धुण्याच्या दुकानात सांगितलं. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. याचा हात चांगला आहे, चूक माझी, मी शिकवताना एक काम लपवलं. पहिल्या दारात 'राहून गेलं' म्हणाले होते. त्या माणसाने नुसतं वळून पाहिलं. दुसऱ्या दारापासून 'लपवलं' म्हणायला लागले.

शेवटी पिठाच्या गिरणीवालीकडे गेलो. बाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. दोनदा मोटर जळून त्यांची गिरणी ऐन कामाच्या दिवसांत बंद पडली होती.

"म्हणजे तुम्ही याचे गुरू," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "आणि हे आजोबा कोण?"

"मी व्याही," मी म्हणालो.

"बरं झालं तुम्ही नातं आधीच जोडलंत. आता केलं असतंत तर लोकांनी विचारलं असतं, आणखी काय लपवलंय?" मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि तू रे? मी तोंडाला येईल ते बोलत होते आणि तू मुकाट मोटर उचलून नेत होतास. हे तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं ताई."

व्याही पुढे झाले. "तुमची मोटर मी स्वतः भरून देतो. काही देऊ नका."

"नाही," तो माणूस म्हणाला. "ती मी भरणार."

गिरणीवाली क्षणभर दोघांकडे बघत राहिली आणि मोटर त्याच्या हातात दिली. परतीच्या बसमध्ये व्याही खिडकीकडे तोंड करून बसले. मी गुरुजींची गोष्ट सुरू केली तर म्हणाले, "व्याही, आज नको."

फाटकाची नोकरी त्याने घेतली नाही. दुकान चालू आहे, हे गिरणीवालीच्या एका नातेवाइकाकडून कळलं. स्वतः तो परत आला नाही.

वाचनालयाच्या बाईंना व्याह्यांनी जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सगळ्या धड्यांखालचा 'पूर्ण' हा शब्द काढला आणि स्वतः व्याह्यांच्या दुकानात येऊन बसल्या. एकेक धडा लावायचा, मध्येच थांबवायचा आणि विचारायचं, "इथे काय गाळलंय?" व्याही आधी म्हणायचे काही नाही, मग सांगायचे. जवळजवळ प्रत्येक धड्यात काही ना काही निघालं. एके ठिकाणी अंगठा असा धरला होता की खालची खूण दिसू नये. "हे मी केलंय हे मलाच माहीत नव्हतं," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरं होतं. सगळे धडे नव्याने केले. या वेळी चेहरा दाखवला. सुरुवातीला सांगितलं, की आधीच्या धड्यात मी मोटर तापवणं मुद्दाम लपवलं होतं, ज्यांच्या मोटरी जळल्या त्यांचा हात वाईट नाही. मुलगी म्हणाली, एवढं अडखळत बोललात, पुन्हा घेऊ का? नको म्हणाले.

निरोप पुन्हा यायला लागले. काहींनी रागावून लिहिलं, काहींनी आभार मानले. त्यात एक असा होता: 'माझ्या चार जळल्या. मला वाटलं आपल्याला येत नाही. गेल्या वर्षी सगळी हत्यारं विकून टाकली.' खाली नाव नाही, गाव नाही.

व्याह्यांनी एका बोटाने बराच वेळ टाइप करून उत्तर पाठवलं. तुम्हाला येत होतं, माझ्याकडे या, हत्यारं मी देतो. पत्ता दिला, फोन दिला.

त्याला आता बरेच दिवस झाले. दुपारी मी पोचतो तेव्हा ते मोटर बाजूला ठेवून मागच्या दाराकडे वळतात आणि विचारतात, "सूनबाई, त्या माणसाचं काही आलं का?"

"नाही बाबा," माझी मुलगी म्हणते.

ते मान हलवतात आणि पुन्हा तार हातात घेतात. मग मी हळूच एखादी गोष्ट सुरू करतो.