तिने न मारलेली हाक

लेबर रूममध्ये नर्स म्हणून माझी वीस वर्षं गेली. कळा वाढल्या की प्रत्येक बाई 'आई गं' म्हणून ओरडते. जिची आई केव्हाच वारली तीसुद्धा. मला वाटायचं, हा शब्द दुखण्यातूनच फुटतो, त्याला आई असावी लागत नाही.

परवा मात्र ही पोर ओठ दाताखाली धरून पडली होती. एकदाही तो शब्द नाही.

गरोदरपणी तपासणीला मीच तिच्याजवळ असायचे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "सिस्टर, आधी सांगा, मग हात लावा." का, ते हळूहळू सांगितलं. कॉलेजात असताना सख्ख्या काकाने जबरदस्ती केली. ती धावत आईकडे गेली, तर आई म्हणाली, "गप्प बस, घर मोडेल." काका आजही त्याच घरात जेवतो. त्याच्याबद्दल बोलताना तिचा आवाज चढायचा. आईबद्दल बोलताना बसायचा.

"ओरड गं, इथे तुला कुणी गप्प करणार नाही," मी म्हटलं. शेवटच्या कळेला ती ओरडली खरी, पण त्यात शब्द नव्हता. नखं तेवढी माझ्या मनगटात रुतली. आई मेली तरी ती हाक उरते. आईने पाठ फिरवली की तोंडातूनच जाते.

मुलगी झाल्याचं सांगायला बाहेर आले. तिची आई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. कौतुकाने म्हणाली, "फारशी ओरडली नाही ना? पहिल्यापासून सोशीकच आहे हो माझी लेक."